पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र, पहिल्या वर्षाचा व्यापार

बारावीचा निकाल लागला की आमच्या वाशी भागात घरोघरी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘नीटला किती मार्क पडले?’ त्याचे उत्तर मनासारखे आले नाही, की दुसरा प्रश्न येतो, ‘मग बायोलॉजी घेऊन काय उपयोग झाला?’ शेजारीच लातूर. तिथल्या शिकवण्यांचा बोलबाला एवढा, की जीवशास्त्र म्हणजे डॉक्टर होण्याचा विषय, अशी समजूत पक्की झाली आहे. डॉक्टर झाला नाही तर दोन वर्षे पाण्यात गेली! कॉमर्सचीही तीच गत. कॉमर्स म्हणजे बँकेची नोकरी, नाहीतर कर सल्लागाराच्या कार्यालयातली कारकुनी.

मी याच तालुक्यातला. कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले. आज मला सांगायचे आहे ते या दोन विषयांच्या पहिल्या, पायाभूत अभ्यासक्रमांविषयी. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या तालुक्यात हे दोन्ही पहिले अभ्यासक्रम एकाच मुलाने किंवा मुलीने शिकावेत, आणि नोकरी मिळो वा न मिळो, ते उपयोगी पडावेत, असे मला वाटते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर एक छोटे महाविद्यालय सुरू झाले. दूरच्या विद्यापीठात जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांना पदवीची पहिली दोन वर्षे गावातच शिकता यावीत, हा हेतू. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांचे जाळे देशभर विणावे असे सुचवले आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. आज तिथे अशी एक हजाराच्या आसपास महाविद्यालये आहेत. त्यांत अठरा वर्षांची मुले असतात, तशी दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी वर्गात बसणारी चाळिशीतली माणसेही असतात. जीवशास्त्राची ओळख आणि व्यवसायाची ओळख हे तिथले नेहमीचे पहिले अभ्यासक्रम.

आपल्याकडे पहिले समुदाय महाविद्यालय १९९५ मध्ये पुदुच्चेरीत निघाले. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा महाविद्यालयांसाठी स्वतंत्र योजना आणली. महाराष्ट्रात घरी राहून शिकण्याची वाट १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने मोकळी केली. पण नावात काय आहे? तालुक्याच्या गावी असलेले साधे महाविद्यालय हेच काम करत असते. वाशीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. बार्शीत राहून मामासाहेबांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा-वसतिगृहे उभी केली, त्यामागेही शिक्षण माणसाच्या दारापर्यंत नेण्याचाच विचार होता. पुण्या-लातूरला खोली करून राहणे ज्या घराला झेपत नाही, किंवा ज्या मुलीला घरचे बाहेरगावी पाठवत नाहीत, तिच्यासाठी गावचे महाविद्यालय हीच एकमेव शिडी असते.

आता हे पहिले अभ्यासक्रम शिकवतात काय? जीवशास्त्राच्या ओळखीत पेशी, आनुवंशिकता, उत्क्रांती, सजीव ऊर्जा कशी मिळवतात आणि खर्च करतात, सूक्ष्मजीव, आणि सजीवांचे एकमेकांशी व परिसराशी असलेले नाते एवढे येते. त्याच्या जोडीला एक सवय लागते, दोन गोष्टींची तुलना करताना एकच घटक बदलायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे. व्यापाराच्या ओळखीत स्थिर खर्च आणि बदलता खर्च, किंमत, भांडवल, किर्द-खतावणी, जोखीम आणि व्यवसायाचे प्रकार येतात. एकट्याची मालकी, भागीदारी, सहकारी संस्था, कंपनी यांत फरक काय, जबाबदारी कोणावर किती, हे कळते.

पुस्तकातली ही नावे कोरडी वाटतील. म्हणून आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. शेजारच्या भूम तालुक्यातले कुंथलगिरी. तिथला खवा आणि पेढा आपल्याला नवा नाही. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा, एखाद्या तरुणाने खव्याची भट्टी टाकायची ठरवली. एक किलो खव्याला म्हशीचे साधारण पाच लिटर दूध लागते असे धरू. दूध साठ रुपये लिटर असेल तर तीनशे रुपये झाले. सरपण आणि मजुरी तीस रुपये. म्हणजे एका किलोमागे बदलता खर्च ३३० रुपये. खवा ३५० रुपयांनी विकला तर हाती राहिले वीस. जागेचे भाडे, कढया, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याचा स्थिर खर्च बारा हजार धरा. बारा हजार भागिले वीस, म्हणजे सहाशे किलो. रोज वीस किलो खवा गेला, तर महिनाअखेर ना नफा ना तोटा. एकविसाव्या किलोपासून कमाई. हा झाला व्यापाराचा पहिला धडा.

पण हा हिशेब उभा आहे तो ‘पाच लिटर’ या आकड्यावर, आणि तो आकडा जीवशास्त्राचा आहे. खवा म्हणजे दुधातले पाणी आटवून उरलेले स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार. म्हशीच्या दुधात हे घन पदार्थ शंभरात सोळा-सतराच्या घरात असतात, गाईच्या दुधात बारा-तेरा. जनावराची जात, चारा, व्याल्यानंतर उलटलेले महिने, यांवर हे प्रमाण बदलते. समजा, दूध थोडे पातळ आले आणि पाचाऐवजी साडेपाच लिटर लागले. दुधाचेच ३३० रुपये झाले, वरचे तीस धरून ३६०. विक्री तीच ३५०. आता प्रत्येक किलोला दहा रुपये तोटा! जितका जास्त खवा, तितका जास्त तोटा. अर्ध्या लिटरने सगळे गणित उलटे झाले. ज्याने केवळ हिशेब शिकला, तो भाव वाढवायला निघेल आणि गिऱ्हाईक गमावेल. ज्याने केवळ जीवशास्त्र शिकले, त्याला दूध पातळ आहे हे कळेल, पण त्याने किती बुडतो हे कळणार नाही. दोन्ही शिकलेला माणूस दूध लिटरवर न घेता फॅट आणि घन पदार्थ तपासून घेईल.

खवा शिल्लक राहिला तर? त्यात ओलावा असतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो काही दिवसांतच आंबतो किंवा त्यावर बुरशी धरते. सूक्ष्मजीवांना पाणी, अन्न आणि ऊब मिळाली की ते थांबत नाहीत. थंडाव्यात त्यांची वाढ मंदावते. म्हणून शीतपेटीचे वीजबिल हा खर्च खरा, पण वाया जाणाऱ्या मालाशी त्याची तुलना करूनच तो करावा की नाही हे ठरवायचे. इथेही पुन्हा दोन्ही विषय आले.

दुसरे उदाहरण प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातले आहे. सोयाबीनचे घरचे बियाणे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते आणि कोंब त्याच्या अगदी लगत असतो. पोते उंचावरून आदळले तरी दाणा आतून दुखावतो, वरून मात्र दिसत नाही. म्हणून शंभर दाणे ओल्या गोणपाटात रांगेने मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून ओलावा टिकवायचा आणि आठवडाभरात चांगले कोंब किती आले ते मोजायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. साठच आले तर तेवढीच रोपे मिळायला पस्तीस किलो लागेल. पाच एकराला पंचवीस किलो जादा. त्याची किंमत आणि दुबार पेरणीची किंमत शेजारी-शेजारी मांडून पाहा, चाचणीला लागणारे गोणपाट किती स्वस्त आहे ते कळेल. पुढे पीक उभे राहिले की एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर तिथले जिवाणू हवेतला नत्र रोपाला पुरवत आहेत. युरियाचे पोते आणण्याआधी हे पाहायला हवे. या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही.

असे एकत्र शिकण्याला आजवर मोठी अडचण होती ती शाखांच्या भिंतींची. सायन्सच्या मुलाने हिशेब शिकायचा नाही आणि कॉमर्सच्या मुलीने सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही, असा जणू दंडक. नव्या शैक्षणिक धोरणाने ही भिंत थोडी खाली आली आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या शाखेबाहेरचा एक खुला वैकल्पिक विषय घ्यायचा आहे. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, आणि ठरावीक मुदतीत परत येऊन पुढे शिकता येते. लग्नामुळे किंवा घरच्या कामामुळे शिक्षण सुटणाऱ्या मुलींना याचे मोल अधिक.

धोका एकच आहे. खुला विषय म्हणजे सोपे मार्क, नाहीतर वेळापत्रकात बसेल तो विषय, असे झाले तर ही संधी कागदावरच राहील. म्हणून पालकांना माझे सांगणे आहे, प्रवेश घेताना महाविद्यालयात जाऊन विचारा, विज्ञानाच्या मुलांना व्यवसायाची ओळख आणि वाणिज्य-कलेच्या मुलांना जीवशास्त्राची ओळख इथे शिकवतात का? नसेल तर मागणी करा. आणि आम्हा शिक्षकांसाठीही एक गोष्ट. पहिला अभ्यासक्रम शिकवताना समोरच्या वर्गातून पुढे कोण शास्त्रज्ञ होईल ते निवडण्याचे काम आपल्याकडे नाही. जे पुढे हा विषय कधीच शिकणार नाहीत, तेच तिथे जास्त संख्येने बसलेले असतात. त्यांच्यासाठी तो पहिला असतो आणि शेवटचाही. त्यांना दूध, बियाणे, शेळी, दुकान यांतून विषय समजला, तर नीटमध्ये मार्क कमी पडलेल्या मुलाची दोन वर्षे वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. तो आपल्याच घरच्या गोठ्याकडे आणि वहीकडे अधिक जाणतेपणाने पाहील, आणि गावात राहायचे की बाहेर जायचे हे नाइलाजाने नव्हे, विचाराने ठरवील.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)