जिओटेक्स्टाइल ट्यूब

जिओटेक्स्टाइल ट्यूब ही उच्च ताणशक्तीच्या, पाणी झिरपू देणाऱ्या कृत्रिम कापडापासून शिवलेली लांब नळी असते. पंपाच्या साहाय्याने तिच्यात वाळूमिश्रित पाणी किंवा पातळ गाळ भरला जातो. कापडाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पडते आणि घन पदार्थ आत साचून राहतो. या एकाच तत्त्वाचे दोन प्रमुख उपयोग आहेत. नळीत वाळू भरल्यास समुद्र किंवा नदीकाठी संरक्षक बांध तयार होतो. सांडपाणी प्रकल्प, तलाव वा बंदरातील गाळ भरल्यास त्यातील पाणी वेगळे होऊन गाळाचे आकारमान घटते. पहिल्या उपयोगात नळी हे कायमस्वरूपी किंवा दीर्घकालीन बांधकाम असते, तर दुसऱ्यात ती गाळणी असून काम संपल्यावर फाडून रिकामी केली जाते. ‘जिओट्यूब’ हे मुळात एका उत्पादनाचे व्यापारी नाव आहे, मात्र बोलण्यात आणि वृत्तपत्रांत ते सर्वच उत्पादनांसाठी वापरले जाते.

रचना व भरण

नळीसाठी बहुधा विणलेले पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर कापड वापरतात. कापड निवडताना दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. छिद्रे मोठी असल्यास पाणी लवकर निघते, पण बारीक कणही निसटतात. छिद्रे फार लहान असल्यास कण अडतात, पण कापड लवकर चोंदते. यासाठी भरावयाच्या मातीच्या कणांचे आकारमान आधी तपासले जाते. किनारी व नदीकाठच्या कामांतील नळ्यांसाठी अमेरिकेतील जिओसिंथेटिक रिसर्च इन्स्टिट्यूटची ‘जीटी १०’ ही विनिर्देशिका प्रसिद्ध आहे.

नळीच्या वरच्या बाजूला ठरावीक अंतरावर भरणमुखे शिवलेली असतात. त्यांतून वाळू व पाण्याचे मिश्रण सोडले जाते. भरलेली नळी पूर्ण वर्तुळाकार न राहता खाली सपाट व वर फुगीर अशा लंबवर्तुळाकार आकारात बसते. तिची उंची मूळ व्यासाच्या निम्म्याहून थोडी अधिक ते सुमारे दोन तृतीयांश इतकीच ठेवतात. आकार वर्तुळाजवळ जाऊ लागला की कापडातील ताण झपाट्याने वाढतो आणि शिवण उसवण्याचा धोका निर्माण होतो. उदाहरणार्थ, २० मीटर लांब व ३ मीटर व्यासाची नळी पूर्ण गोल मानल्यास तिच्यात सुमारे १४१ घनमीटर भरण मावेल. प्रत्यक्षात ते यापेक्षा कमी असते.

किनाऱ्यावर बसवताना नळीखाली कापडाचा रुंद पट्टा अंथरतात. त्याच्या कडेला वाळू भरलेली लहान नळी असते. लाटांमुळे पायथ्याची वाळू वाहून जाऊ लागली, की ही लहान नळी खड्ड्यात उतरते आणि पट्ट्याला खाली ओढून पायथा झाकते.

इतिहास

वाळू भरलेल्या कृत्रिम पिशव्यांचा जलबांधकामातील वापर १९५० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सुरू झाला. १९५७ मध्ये तेथील प्लुइमपोट ही भरतीची खाडी बंद करताना नायलॉनच्या वाळूभरल्या पिशव्या वापरण्यात आल्या. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कमध्ये ‘लाँगार्ड’ नावाची लांब नळी विकसित झाली. पाणी झिरपू देणाऱ्या कापडाच्या नळ्यांचा वापर १९८० च्या दशकापासून वाढला. १९९० च्या दशकात अमेरिकेत सांडपाण्याचा गाळ निथळण्यासाठी त्यांचे प्रयोग झाले आणि या तंत्राची दुसरी शाखा उदयास आली.

किनारा संरक्षणातील उपयोग

किनाऱ्यावर नळ्या तीन प्रकारे वापरल्या जातात. पहिल्या प्रकारात त्या किनाऱ्याला समांतर, एकावर एक रचून भिंत उभारतात. दुसऱ्यात त्या समुद्रात काही अंतरावर पाण्याखाली ठेवून बुडीत बांध करतात; लाटा त्यावर फुटून त्यांची ऊर्जा घटते. तिसऱ्या प्रकारात किनाऱ्याला काटकोनात बांध घालून वाहती वाळू अडवली जाते.

कोकणात प्रचलित असलेला धूपप्रतिबंधक बंधारा मोठ्या दगडांचा असतो. त्यासाठी खाणीतून दगड फोडून अरुंद रस्त्यांवरून आणावे लागतात. नळीसाठी मुख्य साहित्य म्हणजे वाळू, आणि ती जागेजवळ मिळू शकते. यामुळे वाहतूक कमी होते व काम लवकर उरकते. ही वाळू कोठून घेतली जाते हा मात्र निर्णायक प्रश्न आहे. धूप होत असलेल्या पुळणीतूनच ती उपसल्यास किनाऱ्याची तूट आणखी वाढते. म्हणून खाडीच्या मुखाशी किंवा नौकानयन मार्गात साचलेली वाळू वापरणे इष्ट मानले जाते.

भारतातील प्रकल्प

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह चित्रांच्या आधारे केलेल्या पाहणीनुसार देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागात धूप होत आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे.

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील पेंठा येथील भिंत हे देशातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या एकात्मिक किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्रकल्पांतर्गत तेथे ५०५ मीटर लांबीची भिंत उभारण्यात आली. तिचा आराखडा भारतीय तंत्रज्ञान संस्था, मद्रास येथे तयार झाला. एकावर एक रचलेल्या नळ्यांवर दोरखंडांच्या जाळीत भरलेल्या दगडांचे आवरण घातल्याने कापडाला ऊन व लाटांचा थेट मारा बसत नाही. पेंठाजवळच्या सातभाया परिसरातील गावे मात्र समुद्राने गिळली आणि तेथील कुटुंबांचे बागपाटिया येथे पुनर्वसन करावे लागले.

आंध्र प्रदेशातील उप्पाडा येथील नळ्यांची भिंत वादळी लाटांच्या माऱ्याने ठिकठिकाणी फाटली व खचली. केरळमधील चेल्लानम येथे २०१७ च्या ओखी चक्रीवादळानंतर नळ्यांच्या भिंतीची योजना आखली गेली, परंतु ती पूर्णत्वास गेली नाही. अखेरीस तेथे काँक्रीटच्या टेट्रापॉडांची सुमारे ७ किलोमीटर लांबीची भिंत बांधण्यात आली. तामिळनाडूतील कडलूर पेरियकुप्पम येथे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने नळ्यांचा बुडीत बांध उभारला. नदीकाठच्या वापराचे उदाहरण म्हणून आसाममधील लखीमपूर जिल्ह्यातील मातमोरा येथील ब्रह्मपुत्रेचा सुमारे ५ किलोमीटर लांबीचा तटबंध उल्लेखनीय आहे.

गाळाचे निर्जलीकरण

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील गाळात घन पदार्थाचे प्रमाण अल्प असते. १०० टन गाळात २ टक्के घन पदार्थ असल्यास प्रत्यक्षात तो २ टन घन पदार्थ आणि ९८ टन पाणी असतो. हे प्रमाण २० टक्क्यांवर नेले, तर एकूण वजन १० टन उरते, म्हणजे ९० टन पाण्याची वाहतूक वाचते. निर्जलीकरणाचा सारा आर्थिक लाभ या हिशेबात आहे.

प्रक्रियेचे तीन टप्पे असतात. भरणाच्या टप्प्यात गाळ पंपाने नळीत सोडताना त्यात पॉलिॲक्रिलअमाइडसारखे बहुवारिक मिसळतात. त्यामुळे बारीक कण एकत्र येऊन त्यांचे गोळे बनतात व पाणी सुटे होते. दुसऱ्या टप्प्यात पाणी कापडातून झिरपते. नळी खाली बसली की ती पुन्हा भरली जाते आणि हे अनेकदा करता येते. तिसऱ्या टप्प्यात भरण थांबवून नळी काही आठवडे किंवा महिने तशीच ठेवतात. आतील गाळ घट्ट होऊन खोऱ्याने उचलण्याजोगा होतो. निथळलेले पाणी अभेद्य चादर अंथरलेल्या जागेवरून गोळा करून पुन्हा शुद्धीकरणास पाठवतात. बहुवारिकाची मात्रा चुकल्यास कापड चोंदते, म्हणून मोठ्या कामापूर्वी त्याच गाळावर लहान पिशवीत चाचणी घेणे आवश्यक असते.

उघड्या वाळवण वाफ्यांमध्ये पावसाळ्यात गाळ वाळत नाही. नळीवरून मात्र पाऊस ओघळून जातो आणि एकदा घट्ट झालेला गाळ फारसे पाणी परत शोषत नाही. अपकेंद्री यंत्राच्या तुलनेत विजेचा खर्च कमी असतो, पण जागा अधिक लागते आणि प्रत्येक नळी एकदाच वापरता येते.

या उपयोगाचे मोठे उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील ओनोंडागा सरोवराचे आहे. रासायनिक उद्योगांमुळे पाऱ्याने दूषित झालेला सुमारे २२ लाख घनयार्ड तळगाळ २०१२ ते २०१४ या काळात उपसून नळ्यांमध्ये साठवण्यात आला. दूषित गाळ निथळतो त्याच आवरणात बंदिस्तही राहतो, हा येथील मुख्य लाभ होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात

पारंपरिक मोजणीनुसार महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा किनारा आहे. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ मध्ये स्थापन झाले असून तेथे किनारी बांधकामांचा अभ्यास प्रतिकृतींच्या साहाय्याने केला जातो. मुंबईतील बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन ही जिओटेक्स्टाइल क्षेत्रातील उत्कृष्टता केंद्र म्हणून काम करते. केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियानास मंजुरी दिली.

किनाऱ्यापासून दूर असलेल्या भागात गाळाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही, परंतु लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या गावांच्या परिसरातील शेती पाझर तलाव, विहिरी आणि पेनटाकळी व खडकपूर्णा यांसारख्या प्रकल्पांच्या पाण्यावर विसंबून आहे. तलावात साचणारा गाळ साठवणक्षमता घटवतो. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेच्या सहभागाने जलसाठ्यांतील गाळ उपसण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. महामार्गांच्या भरावासाठी तलाव व नाल्यांतील माती वापरण्याची पद्धत पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली.

अशा कामात नळीची गरज भासत नाही. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर गाळ आपोआप वाळतो, तो उत्खनन यंत्राने उचलता येतो आणि सुपीक असल्याने शेतकरी तो स्वतः शेतात वाहून नेतात. नळीचा वापर तेथे सयुक्तिक ठरतो, जेथे जलसाठा वर्षभर भरलेला असतो, गाळ पातळ असतो किंवा सांडपाण्यामुळे तो थेट शेतात टाकण्याजोगा नसतो. नगरपरिषदांची शुद्धीकरण केंद्रे व मैला प्रक्रिया केंद्रे या वर्गात मोडतात. प्रत्येक तळगाळ उपसण्यायोग्य नसतो, हेही लक्षात घ्यावे लागते. २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालेल्या लोणार सरोवराच्या तळगाळात हजारो वर्षांच्या पर्जन्यमानाच्या खुणा जतन झाल्या असून संशोधकांनी त्यातील नमुन्यांचा अभ्यास केला आहे. तेथे सांडपाणी सरोवरात पोहोचण्यापूर्वीच अडवणे हाच योग्य मार्ग ठरतो.

मर्यादा व आक्षेप

उघड्या कापडाचे सूर्याच्या अतिनील किरणांमुळे विघटन होते. होड्यांचे नांगर, वाहून आलेले ओंडके किंवा धारदार हत्यार यांमुळे नळी फाटल्यास त्या जागेतून वाळू वाहून जाते व संपूर्ण नळी बसते. लहान भोके ठिगळ लावून दुरुस्त करता येतात, परंतु त्यासाठी नियमित देखभाल लागते. अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर बसवलेल्या नळ्यांची २००८ च्या आयके चक्रीवादळात मोठी हानी झाली. फाटलेल्या कापडाचे तुकडे समुद्रातील प्लॅस्टिक कचऱ्यात भर घालतात.

भिंतीच्या टोकांशी व वाळूच्या प्रवाहाच्या पुढील बाजूस धूप वाढणे हा कोणत्याही कठीण किनारी बांधकामाचा दोष नळ्यांनाही लागू होतो. एका वाडीचे रक्षण करताना शेजारच्या वाडीची पुळण जाऊ शकते. रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना मोकळी पुळण लागते. वेळास व आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी वाळूवर चढतात. भरतीरेषेवर आडवी पडलेली नळी दोघांचीही वाट अडवते. या कारणांमुळे अशा ठिकाणी बुडीत बांध, वाळूचे पुनर्भरण किंवा वाळूच्या टेकड्यांवरील वनस्पतींचे जतन यांचा विचार आधी करावा, असे मत मांडले जाते. नळी ही वाळूची तूट भरून काढत नाही, ती केवळ उपलब्ध वाळू एका जागी धरून ठेवते. म्हणून खाडीमुखातील वाळूउपसा, बंदरांचे बांध आणि धरणांत अडणारा गाळ या धुपीच्या मूळ कारणांचा अभ्यास प्रकल्पाआधी होणे आवश्यक मानले जाते.