चार दिवसांचें सिंगापूर आणि घरचा जमाखर्च

आमच्या पणजोबांच्या पिढीला परदेशीं जावयाचें म्हणजे समुद्र ओलांडावा कीं नाहीं, हा प्रश्न पडत असे. वडिलांच्या पिढीपुढें तो प्रश्न उरला नव्हता. पण १९७० च्या सुमारास परकीय चलनाचे निर्बंध इतके कडक होते कीं, खिशांत अवघे आठ डॉलर घालून विमानांत बसलेल्या गृहस्थांच्या गोष्टी आम्हीं लहानपणीं ऐकल्या आहेत. आज या दोन्ही अडचणी दूर झाल्या आहेत. रिझर्व्ह बँकेनें २००४ सालीं सुरू केलेल्या योजनेप्रमाणें प्रत्येकास वर्षाकाठीं ठराविक मर्यादेपर्यंत पैसा बाहेर नेतां येतो, व २०१५ पासून ती मर्यादा २,५०,००० अमेरिकन डॉलर, म्हणजे तुम्हांआम्हांस कधींच गांठावी न लागणारी, अशी आहे. त्यामुळें दिवाळीच्या अगर नाताळच्या सुटींत चार दिवस एखादें परदेशी शहर पाहून येण्याचा बेत मध्यम स्थितीच्या घरांतही होऊं लागला आहे. बेत सहज होतो, पण त्याचा जमाखर्च मात्र सहसा नीट मांडला जात नाहीं. गेल्या वर्षीं आम्ही मातोश्री, पत्नी व दोन मुलें यांसह सिंगापूरला जाऊन आलों. तेथें आमच्या हातून जी चूक झाली ती इतरांच्या हातून होऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही कीं, दिवस थोडे म्हणून खर्च थोडा, हा समज खरा नव्हे. परदेशप्रवासाचा खर्च दोन प्रकारचा असतो. विमानाचें भाडें, व्हिसा व प्रवासाचा विमा हा झाला ठोक खर्च; तीन दिवस राहा कीं आठ दिवस राहा, तो फारसा बदलत नाहीं. मुक्काम, जेवण व फिरणें हा रोजचा खर्च. तो दिवसागणिक वाढतो. उदाहरणापुरतें असें समजूं या कीं, माणशीं ठोक खर्च ४०,००० रुपये आणि रोजचा खर्च १०,००० रुपये आहे. तीन दिवसांस एकूण ७०,००० रुपये, म्हणजे दिवसाला २३,००० हून अधिक पडले. पांच दिवसांस ९०,००० रुपये, म्हणजे दिवसाला १८,००० पडले. यावरून दिवस उगाच वाढवावे असें आम्ही म्हणत नाहीं. पण छोट्या प्रवासांतील एकेक दिवस किती मोलाचा असतो, हें यावरून कळावें. मुंबईहून सिंगापूर सुमारें साडेपांच तासांचा प्रवास आहे आणि तेथील घड्याळ आपल्या अडीच तास पुढें आहे. रात्रीं निघणारें विमान सकाळीं पोंचवितें खरें. परंतु हॉटेलांतील खोली बहुधा दुपारींच ताब्यांत मिळते. सामान हॉटेलवर ठेवून तो वेळ कोठें घालवावयाचा, हें घरींच ठरवावें. वृद्ध माणूस बरोबर असल्यास लवकर खोली मिळण्याची विचारणा आगाऊ करावी.

कागदपत्रांचें काम महिनाभर आधीं हातीं घ्यावें. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी लागते. भारतीयांस सिंगापूरचा व्हिसा काढावा लागतो. त्याची सरकारी फी ३० सिंगापुरी डॉलर आहे, व व्हिसा नाकारला गेला तरी ती परत मिळत नाहीं. अर्ज अधिकृत प्रतिनिधीमार्फत होतो व तो आपली दलाली निराळी घेतो. शिवाय पोंचण्यापूर्वींच्या तीन दिवसांत प्रत्येकानें आगमनाचा अर्ज संगणकावर भरावयाचा असतो. हा अर्ज विनामूल्य आहे. त्यासाठीं कोणी पैसे मागितल्यास आपण भलत्याच ठिकाणीं आलों असें समजावें. विमा उतरवितांना घरांतील वडील मंडळींचे मधुमेह, रक्तदाब इत्यादि जुने विकार मोकळेपणानें लिहावे. लपविलेला विकार विमा कंपनीस ऐन वेळीं सबब पुरवितो.

सामान बांधतांना एक सूचना गृहिणींसाठीं. सिंगापुरांत खसखस निषिद्ध मालांत मोडते. अनारशांचा डबा बरोबर नेण्याचा मोह आमच्या घरींही झाला होता. पण तो घरींच ठेवावा लागला. च्युइंग गमही तेथें १९९२ पासून बंद आहे. वृद्धांचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळच्या वेष्टनांत व हातांतल्या पिशवींत असावीं. तेथील विजेच्या खटक्यांस तीन चपट्या पायांची इंग्रजी पद्धतीची पिन लागते. ती येथूनच घेऊन जावी.

आतां मुख्य विषय पैशाचा. १८६७ पूर्वीं सिंगापूरचा कारभार हिंदुस्थान सरकारकडे होता, तेव्हां आपलाच रुपया तेथें सरकारी चलन होता. आतां डॉलर विकत घ्यावे लागतात, आणि विकत घेण्यांतच पहिली ठेंच लागते. वर्तमानपत्रांत छापलेला भाव व दुकानदार आपणांस देतो तो भाव यांत अंतर असतें. म्हणून दोन-तीन ठिकाणीं विचारून, "सर्व आकार धरून शंभर डॉलरचे किती रुपये द्यावे लागतील," एवढा एकच प्रश्न करावा. एका प्रवासास नोटांच्या रूपानें ३,००० अमेरिकन डॉलरच्या किंमतीपर्यंतच परकीय चलन मिळतें, आणि रुपये ५०,००० च्या वर असल्यास ते रोखीनें देतां येत नाहींत. चार दिवसांसाठीं एवढ्या नोटांची गरजही नसते. थोड्या नोटा, बाकीची रक्कम आगाऊ डॉलर भरलेल्या प्रवासी कार्डावर, आणि अडीअडचणीस आपल्या बँकेचें नेहमींचें कार्ड, अशी तीन ठिकाणीं विभागणी असावी. नेहमींच्या कार्डावर पुष्कळ बँका परदेशी खर्चास दोनपासून साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात व त्यावर कर निराळा, हें विसरूं नये. परदेशांत चालण्याची सोय कार्डावर आपण सांगितल्याशिवाय सुरू होत नाहीं. ती निघण्यापूर्वीं करून घ्यावी.

दुकानांतील यंत्र कधीं कधीं सलगीनें विचारतें, "रकमेचा आकार रुपयांत करूं काय?" रुपयांचें नांव वाचून आपणांस हायसें वाटतें, परंतु तेथें लावलेला भाव बहुतेक वेळां आपल्या बँकेच्या भावाहून महाग असतो. उत्तर नेहमीं स्थानिक चलनाच्या बाजूनें द्यावें. तसेंच, प्रवासी कंपनीकडून सगळी सहल एकदम विकत घेतल्यास तीवर आयकर आगाऊ वसूल होतो. वार्षिक विवरणपत्रांत तो वळता करून घेतां येतो, पण तोंवर पैसा अडकून राहतो. अंदाजांत त्याची तरतूद असावी.

सिंगापूर महाग आहे, ही कीर्ति निम्मीच खरी आहे. मुक्काम महाग खरा. मोठ्या उपाहारगृहांत दरपत्रकावरील आंकड्यावर १० टक्के सेवाआकार व त्या सगळ्यावर ९ टक्के कर चढतो. म्हणजे १०० डॉलरचें जेवण ११९ डॉलर ९० सेंटला पडतें. मात्र निराळी बक्षिशी देण्याची चाल नाहीं. उलट हॉकर सेंटर म्हणून ज्या सार्वजनिक भोजनशाळा आहेत, तेथें हा सेवाआकार नसतो व चार-सहा डॉलरांत पोट भरतें. लिटिल इंडियांतील टेक्का सेंटरमध्यें शाकाहारी पदार्थ मिळतात. जवळच सेरंगून रोडवर १९४७ पासून चालत आलेलें कोमला विलास हें शाकाहारी उपाहारगृह आहे. भोजनशाळेंत आपलें उष्टें तबक आपणच उचलून ठेवावें लागतें. न उचलल्यास २०२१ पासून दंडाची तरतूद आहे. रेल्वेगाडींत खाणेंपिणें मना आहे व त्याचा दंड ५०० डॉलरपर्यंत जातो. नळाचें पाणी मात्र निःशंकपणें प्यावें. बाटल्या विकत घेण्याचें कारण नाहीं. १८५९ सालीं स्थापन झालेलें व २०१५ मध्यें जागतिक वारशांत गणलें गेलेलें वनस्पतिउद्यान पाहण्यास एक पैसाही पडत नाहीं. त्यांतील ऑर्किडच्या बागेस तेवढें तिकीट आहे.

हा सर्व तपशील आम्हीं निघण्यापूर्वीं एका वहींत मांडला होता, आणि त्या वहीचा आम्हांस थोडा अभिमानही होता. चूक झाली ती पुढेंच.

पहिल्या दिवशीं संध्याकाळीं आम्हीं सर्वांसाठीं कॉफी घेतली. पावती हातीं येतांच आम्हीं ती मोठ्यानें वाचली : "पांच कॉफ्या, नऊ डॉलर. डॉलरला सत्तर धरले तर सहाशेतीस रुपये!" यांत तक्रार नव्हती, हिशोबी माणसाची ती नुसती संवय. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मातोश्रींनीं उपास असल्याचें सांगून न्याहारी टाळली. दहाच्या सुमारास वनस्पतिउद्यानांत त्या एका बाकावर बसल्या आणि त्यांस उठवेना. तोंड पांढरें पडलें होतें, हात गार लागत होते. "कांहीं नाहीं रे, ऊन लागलें," एवढेंच त्या म्हणाल्या. सिंगापूर विषुववृत्ताला लागून असल्यामुळें तेथील दमट उष्मा आपल्या कोंकणासारखा बाराही महिने असतो. तेव्हां आम्हांसही तें खरें वाटलें. पण पत्नीनें जवळ बसून विचारलें, "आई, आज तर सप्तमी. उपास कसला?"

थोडा वेळ त्या बोलल्या नाहींत. मग हळूच म्हणाल्या, "अगं, एका कॉफीचे सव्वाशे रुपये. तेवढ्यांत घरीं दोन लिटर दूध येतें. काल त्यानें पावती वाचली, तेव्हांपासून घासच उतरेना. मी म्हातारी, मला काय लागतें? मुलांना खाऊं दे."

आदल्या दुपारपासून त्यांच्या पोटांत कांहीं नव्हतें, आणि पाणी विकत घ्यावें लागेल म्हणून त्या तहानेल्याही राहिल्या होत्या. साखर घातलेला चहा व थोडें खाणें पोटांत गेल्यावर अर्ध्या तासानें त्यांस हुशारी वाटली आणि डॉक्टरची गरज पडली नाहीं, हें आमचें सुदैव. त्या अर्ध्या तासांत आमच्या वहीकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

रात्रीं पत्नीनें हॉटेलांतील टेबलावर चार पाकिटें मांडलीं. "घरीं आई कधीं पैसे मागत नाहींत, कारण मागावे लागत नाहींत," ती म्हणाली. "डाळतांदूळ डब्यांत, पाणी माठांत. इथें पाण्याच्या घोटासाठींही तुमच्याकडे बघावें लागतें. तें त्यांना कसें जमावें?" एकत्र कुटुंबांत पैसा एका हातीं असतो, व घरीं ती सोय असते, परमुलखांत तीच सोय वडील माणसास मिंधेपणाची वाटते, हें इतक्या वर्षांत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. सबब दोन नियम ठरले. रोज सकाळीं मातोश्रींच्या व पत्नीच्या पाकिटांत २५ डॉलर आणि मुलांच्या पाकिटांत १० डॉलर घालावयाचे, व त्यांचा हिशोब कोणी कोणास विचारावयाचा नाहीं. रुपयांचा गुणाकार दोनदांच करावयाचा : एकदां निघण्यापूर्वीं अंदाज बांधतांना व एकदां घरीं परत आल्यावर. पाकिटांत हॉटेलचा पत्ता व आमचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठीही घातली. चुकामूक झाली तर पैसे व पत्ता एकाच ठिकाणीं असावे.

या व्यवस्थेनें खर्च वाढला नाहीं. पाकिटांतील रक्कम मूळच्या अंदाजांतीलच होती. ती फक्त आमच्या खिशांतून ज्याच्या त्याच्या हातीं गेली. उलट मुलांनीं आपले डॉलर जपून वापरले. म्हणून आमच्या वाचकांस सुचवावेंसें वाटतें कीं, प्रवासाच्या अंदाजपत्रकांत विमान, व्हिसा व मुक्काम यांच्याबरोबर "प्रत्येकाचा हातखर्च" असें एक सदर अवश्य घालावें, आणि तो हातखर्च घरून निघतांनाच ज्याच्या त्याच्या स्वाधीन करावा.

तिसऱ्या दिवशीं आम्ही टेक्का सेंटरमध्यें बसलों असतां मातोश्री न सांगतां उठल्या. तमिळ दुकानदाराला त्यांचें मराठी कळेना व त्यांना त्याचें तमिळ कळेना. पण पांच बोटें दाखवून व नोट पुढें करून त्यांनीं चहाचे पांच पेले आणविले. "आजचा चहा माझा," त्या म्हणाल्या. पावती त्यांनीं आमच्या हातीं दिली नाहीं. घरीं परतल्यावर आम्हीं वहींत सर्वांचीं उरलेलीं नाणीं मांडून घेतलीं, तेव्हां त्यांच्या पाकिटांत सहा डॉलर निघाले. ते मात्र त्यांनीं जमेस धरूं दिले नाहींत. पुढच्या खेपेस लागतील, असें त्यांचें म्हणणें आहे.