गडावरून गड दिसेल? आधी ती टिक मारा!

कळसूबाईवरून सिंहगड दिसतो का? ट्रेकर मंडळी या असल्या प्रश्नावर रात्र काढू शकतात. दोघांमधलं सरळ अंतर सुमारे 137 किलोमीटर. मधले डोंगर घटकाभर विसरा. तरीही या वाटेच्या मध्यावर पृथ्वीची नुसती गोलाईच सुमारे 365 मीटरचा फुगवटा उभा करते. पाच कुतुबमिनार एकावर एक ठेवा, तेवढा!

हा वाद आता संगणकापुढेही नेता येतो. क्यूजीआयएस, आर्कजीआयएस, ग्रास यांसारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्ह्यूशेड’ नावाची सोय असते. तुम्ही उभे राहणार ती जागा दाखवायची आणि डोळ्यांची उंची सांगायची. सॉफ्टवेअर उंचीच्या नकाशातला एकेक चौकोन तपासतं आणि ‘हा दिसतो, हा दिसत नाही’ असा निकाल देतं. उंचीचा नकाशा फुकट मिळतो. फेब्रुवारी 2000मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने अवघ्या 11 दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची उंची रडारने टिपली. इस्रोच्या कार्टोसॅट-1च्या चित्रांवरून केलेला भारताचा उंचीनकाशा ‘भुवन’ या संकेतस्थळावर आहे.

मुळातच सपाट

आता गंमत बघा. आर्कजीआयएसच्या जुन्या व्ह्यूशेड टूलमध्ये वक्रतेची टिक आपण मारली नाही, तर ते पृथ्वी सपाट धरूनच हिशेब करतं. त्या पर्यायाचं नावही ‘फ्लॅट अर्थ’च आहे! ग्रासच्या व्ह्यूशेडमध्येही वक्रता वेगळी सांगावी लागते आणि हवेचा परिणाम आणखी वेगळा. जीडीएएल नावाच्या सॉफ्टवेअरचं टूल मात्र दोन्ही गोष्टी आपणहून धरतं. त्यामुळे एकच डोंगर, एकच उंचीनकाशा, पण दोन सॉफ्टवेअरची दोन उत्तरं, असं सहज होतं.

पाठ करावा असा हिशेब

किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग करा आणि 12.74ने भागा. समोरची वस्तू आपल्या आडव्या नजरेखाली किती मीटर उतरली, ते कळलं. (पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर, तिथून हा आकडा आला.) एका किलोमीटरला जेमतेम 8 सेंटिमीटर, दहाला जवळजवळ 8 मीटर, पन्नासला 196 आणि शंभरला 785. अंतर दहापट झालं की घट शंभरपट! सिंहगड ते राजगड या 15 किलोमीटरमध्ये फरक सुमारे अठरा मीटरचा, म्हणजे सहामजली इमारतीइतका. कळसूबाई-सिंहगडासाठी हाच हिशेब सुमारे 1,470 मीटर देतो. सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंचीसुद्धा एवढी नाही.

गल्लीतला मोबाइल टॉवर गच्चीवरून दिसेल का, एवढंच बघायचं असेल तर वक्रतेचा विचार नको. उंचीनकाशातच काही मीटरची चूक असते, तिथे 8 सेंटिमीटर कोण मोजणार? दहा किलोमीटरच्या पुढे गेलात, तर मात्र टिक हवीच.

हवा थोडं परत देते

जमिनीलगतची हवा दाट, वरची विरळ. त्यामुळे प्रकाशाचा किरण सरळ न जाता किंचित खाली वाकतो, धरतीच्या गोलाईला धरून चालतो आणि क्षितिजापलीकडचं थोडं दाखवतो. साधारणपणे वक्रतेने जेवढं लपवलं, त्याचा सातवा-आठवा हिस्सा हवा परत करते. आर्कजीआयएस हा हिस्सा 0.13 धरतं. हॅनोव्हरच्या मोजणीत गणितज्ञ गाउसने काढलेला आकडाही हाच! ग्रास आणि जीडीएएल एक सप्तमांश, म्हणजे 0.143 धरतात. रेडिओलहरी याहून जास्त वाकतात, म्हणून टॉवरची आखणी करणारे इंजिनिअर पृथ्वीची त्रिज्याच चार तृतीयांश पट धरून मोकळे होतात.

0.13 की 0.143, याने काय बिघडतं? हे वाचा. 2016 साली पिरेनीजमधल्या पिक द फिनेस्त्रेल या शिखरावरून आल्प्समधल्या पिक गास्पारचा फोटो काढला गेला. अंतर तब्बल 443 किलोमीटर! पहिलं शिखर सुमारे 2,830 मीटर उंच, दुसरं 3,880. मध्ये समुद्र आहे असं धरून ढोबळ हिशेब केला, तर हवा नसताना ही दोन टोकं जास्तीत जास्त 412 किलोमीटरवरून एकमेकांना दिसतील. 0.13 धरलं तर 442. एक सप्तमांश धरलं तर 445. म्हणजे एका सॉफ्टवेअरने हा फोटो अशक्य ठरवला असता आणि दुसऱ्याने शक्य! मला तर या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आणि हवेचा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. तापलेल्या जमिनीवर तो शून्याखालीही जातो, तेव्हा मृगजळ दिसतं. थंड पाण्यावर ऊबदार हवा पसरली की तो इतका वाढतो, की पलीकडचा किनारा उचलून धरल्यासारखा दिसू लागतो.

पाचशे पौंडांची पैज

इंग्लंडमध्ये ओल्ड बेडफर्ड नावाचा सरळसोट कालवा आहे. 1838मध्ये सॅम्युअल रोबोथम त्यात उतरला, पाण्यालगत दुर्बीण धरली, सहा मैलांवर गेलेली होडी त्याला दिसत राहिली आणि त्याने पृथ्वी सपाट असल्याचं जाहीर केलं. पाण्याला चिकटलेल्या हवेने किरण वाकवला होता, हे त्याने लक्षातच घेतलं नाही. 1870मध्ये जॉन हॅम्पडन नावाच्या सपाटवाद्याने 500 पौंडांची पैज लावली. ती घेतली आल्फ्रेड रसेल वॉलेसने. होय, डार्विनसोबत उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा तोच. मोजणीचं काम त्याने तरुणपणी केलं होतं, त्यामुळे त्याने नजरेची रेषा पाण्यापासून चांगली उंच घेतली आणि मधली खूण दोन्ही टोकांपेक्षा वर दिसते, हे दाखवलं. पैज जिंकला, पण हॅम्पडन पुढे अनेक वर्षं त्याची बदनामी करत राहिला आणि त्यापायी तुरुंगातही गेला.

तराईतून एव्हरेस्ट

सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा हा हिशेब माणसं कागदावर करत होती. 1849-50मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाच्या लोकांनी एव्हरेस्टचे कोन मोजले, तेही तराईच्या सपाटीवरून, पावणेदोनशे किलोमीटर दुरून. एवढ्या अंतरावर वक्रता सुमारे 2,400 मीटर गिळते आणि हवा त्यातले शेकडो फूट परत देते. राधानाथ सिकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं हाताने सोडवलं. 1856मध्ये जाहीर झालेली उंची 29,002 फूट होती, म्हणजे 8,840 मीटर. आजचा आकडा 8,848.86. चूक फक्त नऊ मीटर! या महामोजणीचा पाया घालणारा विल्यम लॅम्ब्टन आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला चिरविश्रांती घेतोय. मोजणी करता करताच 1823मध्ये तो तिथे वारला. नागपूर-हैदराबाद रस्त्याने जाताना तिथे जरूर थांबा.

दुबईचा रोजा

2011च्या रमझानमध्ये दुबईत बुर्ज खलिफाच्या रहिवाशांसाठी धर्मशास्त्राचा सल्ला निघाला: ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, दीडशेच्या वर तीन मिनिटं. उंचावरून क्षितिज दूर सरकतं आणि सूर्य उशिरा मावळतो, म्हणून!

करून बघायचंय?

पहिली खबरदारी: उंचीनकाशा अंशांत असेल तर आधी मीटरमध्ये आणा, नाहीतर वक्रतेचा हिशेब भलत्याच अंतरावर होतो. पुणे, मुंबई, नाशिककरांनी यूटीएम या मीटरमधल्या नकाशापद्धतीचा 43 उत्तर विभाग घ्यावा, नागपूर, चंद्रपूरकरांनी 44. डोळ्यांची उंची 1.6 मीटर घाला. मग आवडत्या गडावरून व्ह्यूशेड दोनदा काढा, एकदा टिक न मारता आणि एकदा मारून, आणि पहिल्यातून दुसरा वजा करा. जे चौकोन उरतील, ते सगळे पृथ्वीच्या गोलाईने लपवलेले.