जुन्या पिकअपचे ब्रेक : आधी काय बदलाल?

हळदीच्या हंगामात वसमत आणि हिंगोलीच्या बाजाराकडे पोती लादून निघणाऱ्या पिकअपला रिकाम्या गाडीपेक्षा थांबायला जास्त अंतर लागते. वेग दुप्पट झाला, की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

● ब्रेक ऑइल : ते हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळून वाफ झाली, तर पेडल थेट खाली जाते. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्यावी.

● रबरी भाग : चिरलेले किंवा फुगलेले होज पाइप, गळके व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर आधी बदला.

● ड्रम आणि लायनर : ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापलीकडे घासलेला ड्रम वापरू नये. लायनर एकाच चाकाचे नव्हे, दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

● पुढे डिस्क बसवताना : मास्टर सिलिंडर आणि बूस्टर त्याला जुळणारे हवेत. मागच्या चाकांचा दाब भारानुसार राखणारा व्हॉल्व्ह काढून टाकू नये.

● कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतील फेरबदलांवर बंधने आहेत. मोठा बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या.

नवे ब्रेक बसवले तरी क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नका.