मेफेड्रोनजन्य मद आणि वैद्याची दक्षता

मार्च २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यातील इरळी (ता. कवठे महांकाळ) येथे पोलिसांनी शंभर किलोंहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. जानेवारी २०२५ मध्ये विटा परिसरात आणि डिसेंबर २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातील सावरी (ता. जावळी) येथेही अशाच कारवाया झाल्या. ‘एमडी’ म्हणून ओळखले जाणारे हे द्रव्य आता केवळ महानगरांपुरते राहिलेले नाही. म्हणून त्याचा परिचय करून देणे आम्हास अगत्याचे वाटते.

मेफेड्रोन हे कॅथिनोन वर्गातील कृत्रिम रसायन होय. मूळ कॅथिनोन ‘खत’ या आफ्रिका-अरबस्तानातील वनस्पतीत आढळते. ही वनस्पती आपल्या ज्योतिष्मतीच्याच कुलातील असली, तरी कृत्रिम मेफेड्रोनास वनौषधी समजणे सर्वथा चुकीचे ठरेल. ते मज्जापेशींतील सेरोटोनिन, डोपामिन व नॉरॲड्रिनालिन एकदम बाहेर लोटते. या द्रव्यांच्या ग्राहकांवर (रिसेप्टर) अतिरेकी उत्तेजना होऊन प्रथम हर्ष व बडबड, पुढे अनिद्रा, हृद्द्रव, स्वेदाधिक्य, जबडा आवळणे व संशयग्रस्तता दिसते. अंमल ओसरताच विषाद येतो आणि पुन्हा सेवनाची तीव्र इच्छा होते.

असा रुग्ण आपल्याकडे व्यसन सांगत येत नाही. झोप नाही, छातीत धडधडते, नाकातून रक्त येते, एवढेच सांगतो. येथे दोन प्रमाद संभवतात. पहिला, अनिद्रा व वाढलेला रक्तदाब पाहून सर्पगंधा देणे. तीतील रिसर्पिन सेरोटोनिनादी द्रव्यांचा साठा रिता करते. त्यामुळे आधीच आलेला विषाद बळावण्याची भीती असते. दुसरा, नाक चोंदले म्हणून सोमलतायुक्त कल्प देणे. तीतील इफेड्रिनमुळे हृदयावरील ताण वाढतो. औषधविक्रेत्यांनीही हे कल्प केवळ मागणीवरून देऊ नयेत.

तीव्र ज्वर, अंग ताठरणे, कंप, झटके व भ्रम ही लक्षणे सेरोटोनिनच्या अतिरेकाची असू शकतात. विषादरोधक औषधे किंवा ट्रामाडॉल सोबत घेतल्यास हा धोका वाढतो. अशा वेळी घटकाभरही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेफेड्रोनवर विशिष्ट प्रतिविष नाही. शरीर थंड करणे व अतिदक्षता उपचार हाच मार्ग आहे.

चरकाचार्यांनी मदात्ययात मद्याचे गुण ओजाच्या विरुद्ध सांगितले. ही दृष्टी नंतरच्या बृंहण व सत्त्वावजय चिकित्सेस मार्गदर्शक ठरते. परंतु मेफेड्रोन म्हणजे मद्य नव्हे, हे विसरू नये.

मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आले. तथापि सेवनाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्यास कलम ६४-अ संरक्षण देते. भेदरलेल्या पालकांस हे अवश्य सांगावे. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांकही द्यावा. रुग्णास एकांतात, न रागावता, ‘काही ओढता का?’ असे विचारणे हीच निदानाची पहिली पायरी होय.