मलाजखंड : गारगोटीच्या कण्यातलं तांबं

नागपूरहून कान्ह्याच्या मुक्की गेटकडे निघालेली मंडळी बैहर मागे टाकतात ती वाघाच्या ओढीने. तिथून जवळच मलाजखंड आहे, देशातली सर्वांत मोठी उघडी तांबेखाण. हिंदुस्थान कॉपरची ही खाण 1982 मध्ये सुरू झाली. बालाघाट जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता, तेव्हा हा मुलूख आपल्याला परका नाही.

पायऱ्या-पायऱ्यांनी खोल गेलेला हा खड्डा दोन किलोमीटरहून लांब आहे आणि नकाशावर पाहिला तर कमानदार दिसतो. ही कमान माणसाने ठरवलेली नाही. आजूबाजूचा सगळा डोंगर ग्रॅनाइटचा, पण तांबं मुख्यतः त्यातल्या गारगोटीच्या एका वळणदार, तिरप्या कण्यात. खाण त्या कण्यामागे वळत गेली.

असं का? अखंड ग्रॅनाइटमधून पाणी झिरपत नाही. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी हा खडक ताणाने तडकला आणि खालून येणाऱ्या तप्त, खारट, धातू विरघळलेल्या पाण्याला वाट मिळाली. भेगेत शिरताच दाब उतरला, पाणी निवलं. विरघळलेली गारगोटी आणि तांब्याची खनिजं तिथेच बसली. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी नळ बुजावा तशी भेग बुजली. मग खडक पुन्हा हलला, ती पुन्हा फाटली, नवं पाणी आलं. भेग जिथे वळते तिथे हलताना पोकळी जास्त उघडते आणि धातूही बहुधा तिथेच जाड साचतो. मलाजखंडच्या जन्मावर भूवैज्ञानिकांत अजून वाद आहेत. भेगांचं महत्त्व मात्र कोणी नाकारत नाही.

इथला दगड हातात घेतला तर पांढऱ्या गारगोटीत पितळी पिवळे ठिपके चमकतात. ते कॅल्कोपायराइट, तांब्याचं खनिज. हवापाणी लागलेल्या भागावर मॅलॅकाइटची हिरवी झाक. शंभर किलो दगडातून जेमतेम किलोभर तांबं निघतं, म्हणून भेगेची दिशा चुकली की पैसा मातीत.

आपल्याकडेही हेच गणित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना परिसरात तांबं आढळतं तेही ग्रॅनाइटच्या चुरडलेल्या, तडकलेल्या पट्ट्यांत. विदर्भ म्हणजे कोळसा आणि मँगनीज एवढंच आपण धरून चालतो, ते बरोबर नाही.

मलाजखंडला आता उघड्या खाणीखाली भुयारी खोदकाम चालतं. परवानगीशिवाय आत प्रवेश मिळत नाही, तेव्हा जायचं तर व्यवस्थापनाकडे आधी अर्ज करा.