चाकाची धाव आणि तुमचं कोटेशन

मागच्या आठवड्यात मुलुंडचा एक तरुण भेटायला आला. फर्निचरचं काम करतो. एका रिसॉर्टला शोभेसाठी बैलगाडीची १० चाकं हवी आहेत, खरी, हाताने केलेली. कोटेशनमध्ये लाकूड, लोखंड, मजुरी, टेम्पो आणि वर २० टक्के नफा. मी विचारलं, "लाकूड वाळवायचे पैसे कुठे आहेत?"

"सर, वाळायला कसले पैसे?"

म्हणून आधी चाक बनतं कसं ते बघू. मधला गोल ठोकळा म्हणजे तुंबा. त्यात आरे ठोकून बसवायचे आणि आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर घेराचे वाकडे तुकडे. साधारण एका तुकड्यात दोन आरे, म्हणजे १२ आऱ्यांना ६ तुकडे. लाकूड बहुतेक बाभळीचं, कारण ते कठीण आणि चिवट. मग हे सगळं धरून कोण ठेवतं? धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहानच करतो. गोवऱ्यांच्या आगीत तापवली की ती वाढते. तशीच उचलून चाकावर बसवायची, ठोकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, प्रत्येक सांधा घट्ट होतो. बघण्यासारखं काम आहे!

आता समजा लाकूड ओलंच होतं. डिलिव्हरीच्या दिवशी चाक झकास दिसेल. नंतर लाकूड आकसतं, धाव सैल पडते. गावाकडे उन्हाळ्यात चाक खिळखिळं झालं की पाण्यात घालून ठेवायचे, लाकूड फुगून सांधे धरायचे. रिसॉर्टच्या एसी हॉलमधलं चाक कोण ओढ्यात नेणार? फोन तुम्हालाच येणार.

म्हणजे लाकूड मुरवायलाच हवं, आणि तिथे पैसा अडकतो. समजा ४०,००० रुपयांचं लाकूड ८ महिने पडून राहिलं. महिना दीड टक्का व्याजाने ४,८०० रुपये. जागेचं भाडं महिना १,००० धरलं तर ८,०००. झाले १२,८००. एका चाकामागे १,२८० रुपये, जे त्याच्या कागदावर नव्हतेच.

गावचा सुतार हा हिशेब वेगळ्या पद्धतीने बसवायचा. औतांची, गाडीची वर्षभराची दुरुस्ती बलुत्यात, सुगीला खळ्यावर धान्य. नवी गाडी केली तर मोबदला वेगळा. आजच्या भाषेत एएमसीच! अर्थात फार हळवं व्हायचं कारण नाही. बलुतं जातीला बांधलेलं होतं, गिऱ्हाईक आणि दर निवडायची मोकळीक नव्हती. पुढे टायरगाडी आली. त्याच बैलांना जास्त ऊस ओढता येऊ लागला, आणि गिऱ्हाईक निघून गेलं. सुताराच्या हातात काही कमी नव्हतं.

आमच्या मुलुंडकराने कोटेशन नव्याने केलं. लाकूड मुरवण्याचा खर्च धरला, मुदत वाढवून मागितली आणि वर्षाने धाव पुन्हा आवळून द्यायचा दर वेगळा लिहिला. धाव बसवणारा लोहार कुठे मिळेल, हे मात्र मी त्याला आधी शोधायला लावलं. रिसॉर्टवाल्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.